कॉलनीचा इतिहास ले-आउटच्या नकाशापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यालगत, आनंदवल्ली शिवारातल्या एका कॉलनीच्या रहिवासी मंडळाला लवकरच ४० वर्षं होतील. त्यानिमित्त स्मरणिका काढायची आहे आणि तिच्यात कॉलनीचा व मंडळाचा इतिहास द्यायचा आहे. सचिवांच्या ताब्यात दोन प्रोसिडिंग बुकं (सभांचे वृत्तांत आणि ठराव लिहिलेल्या वह्या), काही पावतीपुस्तकं आणि फोटोंचा एक डबा आहे. सुरुवात कुठून करायची, काय शोधायचं, कुणाला विचारायचं?

मी नाशिकमध्ये ले-आउट (जमिनीत प्लॉट आणि रस्ते पाडण्याची आखणी) आणि बांधकाम परवानग्यांची कामं करत आले आहे. आता वसाहतींच्या मंडळांना जुने कागद लावून द्यायला मदत करते. त्या अनुभवावरून सांगते.

आपल्याकडच्या बहुतेक स्मरणिकांची पहिली दोन पानं पंचवटी, शूर्पणखा आणि कुंभमेळ्यात जातात. तुमचं शिवार आनंदवल्लीचं, म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईही येतील. मग एकदम वाक्य येतं, ‘सन अमुक साली मंडळाची स्थापना झाली.’ पेशवाईपासून मंडळाच्या पहिल्या सभेपर्यंतची दोनशे वर्षं कोरी. पंचवटी आणि पेशवे कुणालाही कुठेही वाचायला मिळतील. मधला कोरा भाग मात्र फक्त तुमचा आहे, आणि तो तुम्ही लिहिला नाहीत तर दुसरं कुणी लिहिणार नाही. राघोबादादांना एक परिच्छेद द्या आणि पुढे चला.

पहिल्यांदा दोन कागद हातात घ्या: मंजूर ले-आउटचा नकाशा आणि बिनशेतीचा, म्हणजे शेतजमीन घरांसाठी वापरायला परवानगी देणारा, आदेश. कार्यालयात अर्ज करण्याआधी कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या बंगल्यात चौकशी करा. ज्यांनी घरासाठी कर्ज काढलं त्यांच्या कर्जाच्या फायलीत या दोन्हींच्या नकला लावलेल्या असतात आणि त्या फायली लोक जपून ठेवतात. नकाशावर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, रस्त्यांच्या रुंद्या, मोकळी जागा आणि मंजुरीचा शिक्का दिसेल. बिनशेतीच्या आदेशातल्या अटी तर एकेक करून वाचा. रस्ते किती रुंद करायचे, गटारं कुणी बांधायची, रस्ते आणि मोकळी जागा कुणाच्या ताब्यात द्यायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या मंडळाने पुढे ज्या गोष्टींसाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, त्यातल्या निम्म्या या आदेशात आधीच कबूल केलेल्या सापडतील. मंडळाचा इतिहास म्हणजे कागदावर कबूल झालेलं आणि जमिनीवर मिळालेलं यांच्यातलं अंतर रहिवाशांनी कसं कापलं, त्याची गोष्ट. माझ्या मते बाकी सगळं याच्या आजूबाजूला यायला हवं.

सर्व्हे नंबर कळला की मागे जा. आजचा सातबारा उपयोगाचा नाही, जुना हस्तलिखित सातबारा आणि त्यावर नोंदलेले फेरफार, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदी, हव्यात. नाशिक जिल्ह्याचे पुष्कळसे जुने अभिलेख स्कॅन होऊन शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत. तिथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. फेरफार वाचायला सवय लागते, पण चिकाटी ठेवा. वारसनोंद, भावाभावांतली वाटणी, विहिरीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा, मग बिनशेती, मग प्लॉटधारकांची नावं, असा एका कुटुंबाचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास त्यात असतो.

एक नोंद विशेष शोधा. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं आणि कलम ३२ग खाली जमिनीची किंमत ठरवून ती कुळाच्या नावावर करण्याची कामं पुढे कित्येक वर्षं चालली. नाशिकभोवतीच्या शिवारात या नोंदी भरपूर आहेत. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या माणसाच्या नावावर ती झाली, त्याने विहीर खोदली, बाग लावली, आणि पुढची पिढी कर्ती होते न होते तोच शहर बांधापर्यंत आलं. अशी जमीन विकायला कलम ४३ खाली परवानगी लागायची, सरकारला नजराण्याची रक्कम भरावी लागायची. शेजारच्या मळ्यात घरं उभी राहिली आणि तुमचा ले-आउट पाच-सात वर्षं उशिरा पडला, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. शहरात एकाने किती मोकळी जमीन बाळगावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदाही नाशिकला लागू होता. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला. त्यामुळे तुमच्या काळातल्या ले-आउटच्या फायलीत त्या कायद्याखालचा आदेशही बहुधा सापडेल.

शेजारच्या कॉलनीचा रस्ता तुमच्या रस्त्याला सरळ का जुळत नाही, एक गल्ली कुंपणाच्या भिंतीवर जाऊन का थांबते, या रोजच्या कोड्यांची उत्तरंही इथेच मिळतात. एका मळ्याचे वाटणीने तीन हिस्से झाले, प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या वर्षी वेगळा ले-आउट मंजूर करून घेतला, आणि जुना बांध जिथे होता तिथे आज रस्ता मोडतो.

कृपा करून ‘पूर्वी इथे ओसाड माळरान होतं, आम्ही ते वसवलं’ असं लिहू नका. हे वाक्य मी इतक्या स्मरणिकांत वाचलं आहे की त्याबद्दल आता गप्प बसवत नाही. जुन्या सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना बारामध्ये, पीकपाहणी असते. तिथे वर्षावर्षाला काय पेरलं ते लिहिलेलं आहे: बाजरी, गहू, भाजीपाला, पेरू, द्राक्षं, जे असेल ते. लोक तिथे राहत होते आणि चांगली शेती करत होते. तिडके कॉलनीसारख्या नावांत मळेवाल्या घराण्यांची आडनावं अजून टिकून आहेत. पुष्कळ कॉलन्यांमध्ये त्या कुटुंबाचं जुनं घर अजून आत कुठेतरी असतं आणि मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणंही जात नाही. पहिली मुलाखत त्यांची घ्या. विहीर कुठे होती आणि ती कधी बुजवली, मोट चालायची की इंजिन, गंगापूर धरणाच्या कालव्याची चारी शिवारात येत होती का, गावाकडे जायची पायवाट कुठून होती, शेतातला म्हसोबा आज कोणत्या प्लॉटशेजारी आहे, हे त्यांना विचारा. जमीन विकायची वेळ कशी आली हेही विचारा, पण ते सांगायला तयार असतील तरच.

आता मंडळाच्या जन्माकडे येते. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची २२ गावं एकत्र करून ती झाली. पहिली निवडणूक झाली ती १९९२ मध्ये. मधली दहा वर्षं प्रशासकाची राजवट होती. शहर झपाट्याने पसरत होतं. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती भरत होत्या, ओझरच्या विमान कारखान्यात आणि नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करणारे लोक प्लॉट घेत होते, आणि ज्याच्याकडे जाऊन ‘नळाला पाणी नाही’ म्हणावं असा एकही नगरसेवक शहरात नव्हता. ज्या उपनगरांत लोक १९८२ ते १९९२ या काळात राहायला आले, तिथली रहिवासी मंडळं एवढी घट्ट का झाली याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. मंडळाचं लेटरहेड, अध्यक्षांची सही आणि आवक-जावक क्रमांक हेच त्या काळात रहिवाशांचं प्रतिनिधित्व होतं. तुमचं मंडळ ४० वर्षांचं, म्हणजे त्याच दशकातलं. पहिलं प्रोसिडिंग बुक ही पार्श्वभूमी मनात धरून वाचा. मग ‘मा. प्रशासकांना निवेदन देण्याचे ठरले’ हा रुक्ष ठराव तुम्हाला वेगळा दिसेल.

त्या ठरावांत बहुधा एक विषय पुन्हा पुन्हा येईल: रस्ते महापालिकेकडे वर्ग करणे. ले-आउटमधले अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा रीतसर हस्तांतरित होईपर्यंत कागदोपत्री मूळ मालकाच्याच नावावर राहतात, आणि जे आपल्या नावावर नाही त्यावर महापालिका खर्च करत नाही. म्हणून डांबर, पथदीप, पाण्याची मोठी वाहिनी यांतलं काहीही मागण्याआधी मंडळाला जमीनमालक किंवा ले-आउट पाडणारा यांच्याकडून हस्तांतराच्या कागदावर सही मिळवावी लागे. मालक गेलेला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या. हे काम ज्याने केलं त्याचं नाव प्रोसिडिंगमध्ये एका ओळीत असतं, आणि गणपतीच्या वर्गणीचे हिशेब चार पानं. स्मरणिकेत हे प्रमाण उलटं करा.

कोणतं पत्र कुणाला गेलं तेही नीट पाहा. विजेचा खांब मागायचा तो राज्य विद्युत मंडळाकडे. महावितरण २००५ नंतरचं. बसथांबा मागायचा तो एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे, कारण नाशिकची शहर बससेवा तेव्हा एसटी चालवत असे. महापालिकेची सिटीलिंक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. भुयारी गटार येण्याआधी सेप्टिक टँक कोण उपसायचं, टँकर कुठून यायचा, घंटागाडी दारात येऊ लागण्यापूर्वी कचरा कुठे पडायचा, हे तारखांसह मांडलंत तर एका नाशिककर कॉलनीचं रोजचं जगणं उभं राहतं. आज तिथे वाढणाऱ्या मुलांना यातलं काहीच माहीत नाही.

पावतीपुस्तकं टाकून देऊ नका. लोकांना ती रद्दी वाटते, मला ती तुमच्या सगळ्या संग्रहात मोलाची वाटतात. प्रत्येक पावतीवर नाव, प्लॉट नंबर, रक्कम आणि तारीख असते. वर्षवार तक्ता केलात तर कोणत्या प्लॉटवर कधी घर झालं, भाडेकरू कधी आले, बंगल्याच्या जागी अपार्टमेंट कधी उभं राहिलं, हे सगळं उमटतं. एका मंडळात आम्ही हे केलं तेव्हा दिसलं की वर्गणीदारांची संख्या एका वर्षात दुपटीहून जास्त झाली. कारण शोधलं तर त्याच वर्षी पाण्याची वाहिनी आली होती. प्लॉट घेऊन थांबलेले लोक पाणी आल्याबरोबर बांधायला लागले होते. ही गोष्ट कोणत्याही सभेच्या वृत्तांतात नव्हती.

मोकळ्या जागेवर थोडं जास्त लिहिते, कारण मंडळाचं खरं यश-अपयश तिथे मोजता येतं. मोठ्या ले-आउटमध्ये साधारण दहा टक्के क्षेत्र मोकळी जागा म्हणून सोडावं लागतं. मंजूर नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर उभे राहा आणि टेप लावा. नकाशातली जागा आणि कुंपणातली जागा सारखी आहे का? एका कॉलनीत रहिवासी ज्या बागेला ‘आपली मोकळी जागा’ समजत होते, ती नकाशातल्या दोन जागांपैकी लहान जागा निघाली. मोठी जागा कोपऱ्यात कुणाच्या तरी भिंतीआड गेली होती आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं. अशा जागांवर पुढे काय झालं, ते टप्प्याटप्प्याने लिहा: आधी बाभळी, मग मुलांचं क्रिकेट, मग पत्र्याची शेड, समाजमंदिर, व्यायामशाळा, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, वाचनालय. देऊळ झालं असेल तर त्याचं वर्षही नोंदवा. सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे आणि त्यानंतर बांधकाम आधीचं की नंतरचं या प्रश्नाला कायद्याने वजन आलं. श्रद्धा दुखावली जाईल म्हणून वर्ष लपवणं बरोबर नाही.

मोकळी जागा आणि विकास आराखड्यातलं आरक्षण यांची गल्लत मात्र करू नका. शाळा, उद्यान किंवा रस्ता असं आरक्षण आराखड्यात पडतं आणि जमीन खासगी मालकाचीच असते. महापालिकेने दहा वर्षांत ती संपादित केली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत कारवाई झाली नाही तर आरक्षण उठतं. नाशिकचा आधीचा आराखडा नव्वदच्या दशकातला, सुधारित आराखडा २०१७ चा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून तुमच्या कॉलनीभोवती काय होतं आणि काय उरलं ते पाहा. ‘इथे बाग होणार होती’ या आठवणीमागे बहुतेक वेळा असंच एखादं आरक्षण असतं.

तुम्ही गंगापूर रस्त्याचे, म्हणजे गोदावरी जवळच. १९६९ चा पूर जुन्या लोकांना आठवतो. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ चे पूर तुमच्याच सभासदांनी पाहिले असतील. २००८ नंतर निळ्या आणि लाल पूररेषांचा विषय शहरात घरोघरी पोचला. कॉलनीतला एखादा भाग रेषेत आला असेल तर त्यावर मंडळात झालेली चर्चा संपूर्ण द्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढं वाचकाला सांगा म्हणजे पुढचं त्याला कळेल.

सिडकोतली, म्हणजे सिडको या शासकीय संस्थेने वसवलेल्या नवीन नाशिकमधली, मंडळीही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक वेगळी वाट. नवीन नाशिकच्या सहा योजनांमध्ये जमीन संपादित झाली, घरं सिडकोने बांधली आणि भाडेपट्ट्याने दिली, म्हणून तिथे बिनशेती आदेशाऐवजी योजना क्रमांक, वाटपपत्र आणि हस्तांतराचे कागद शोधायचे. तिथल्या इतिहासात खानदेश आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातून कारखान्यांत आलेल्या कामगारांची भाषा आणि सण यायलाच हवेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडकोच्या गल्ल्यांमध्ये कानबाई ही खानदेशातली देवी बसते. हा उत्सव गावाकडून शहरात कुणी आणला, पहिल्यांदा कुणाच्या घरी बसवली, रोट कुठे झाले, हे सांगणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांच्याकडे लवकर जा.

पुन्हा तुमच्या मंडळाकडे. मंडळ नोंदणीकृत आहे ना? तसं असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, दोन्हींखालची नोंद धर्मादाय कार्यालयात असेल. तिथून परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदीचा) उतारा, मूळ घटना आणि आजवर दाखल झालेले बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज) यांच्या नकला काढा. घटनेतली उद्दिष्टं वाचा. स्थापना करणाऱ्या सात-आठ लोकांनी तेव्हा काय मनात धरलं होतं ते तिथे शब्दशः आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळांनी तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो आणि कार्यालयाच्या नोंदीत दिवंगत माणसंच पदाधिकारी असतात. तुमच्याकडे तसं आढळलं तर स्मरणिकेच्या निमित्ताने ते सुरळीत करून घ्या. प्रोसिडिंग बुकं पदाधिकाऱ्यांच्या घरी ठेवायची पद्धतही आता थांबवा. घर बदलताना किंवा माणूस गेल्यावर ती रद्दीत जातात. मी हे स्वतः पाहिलं आहे आणि फार वाईट वाटलं आहे. सगळं स्कॅन करा, प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा.

प्रोसिडिंगमध्ये बायका फार कमी दिसतात. त्यावरून त्यांनी काही केलं नाही असं समजू नका. टँकरच्या पाण्याची वाटणी, रॉकेलच्या रांगा, बालवाडी, पहिलं हळदीकुंकू, अंधाऱ्या रस्त्यावरून क्लासहून येणाऱ्या मुलींना आणायला गटाने जाणं ही कामं त्यांनी सभेशिवाय आणि ठरावाशिवाय केली. महिला मंडळाची वेगळी वही असेल तर मिळवा. नसेल तर चार-पाच जणींना एकत्र बसवून बोलतं करा. एकट्या बोलायला त्या संकोचतात, एकत्र बसल्या की एकीच्या आठवणीने दुसरीला आठवतं. जुना रखवालदार, दूधवाला, इस्त्रीवाला, घरकाम करणाऱ्या मावशी यांनाही विचारा. कॉलनीतली सगळी घरं आतून पाहिलेली माणसं तीच.

१९९२ नंतर नगरसेवक आले आणि मंडळांचं काम बदललं. काही मंडळांतूनच नगरसेवक निघाले, काहींत निवडणुकीने फूट पडली. हे लिहायला लोक घाबरतात. नावं टाळून, तारखा आणि ठराव देऊन लिहिता येतं. कायद्याने प्रभाग समितीत नोंदणीकृत स्वयंसेवी आणि स्थानिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. तुमच्या मंडळाने कधी त्यासाठी नाव दिलं होतं का, हे तपासण्यासारखं आहे. २०१८ मधल्या घरपट्टीच्या आणि मोकळ्या जमिनींवरच्या कराच्या वादात मंडळाने हरकत घेतली असेल तर तेही पत्र छापा. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि शहर पुन्हा प्रशासकाकडे गेलं. तुमच्या जावक नोंदवहीत त्यानंतर पत्रांची संख्या वाढली का ते मोजा. वाढली असेल तर १९८६ च्या आणि २०२२ च्या निवेदनांची एकेक प्रत समोरासमोरच्या पानांवर छापा, शेजारी काही लिहायची गरज नाही.

वर्तमानपत्रांसाठी ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’चे जुने अंक पाहा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथल्या ग्रंथपालांना आधी भेटून काय उपलब्ध आहे ते विचारा. शिवाराच्या जुन्या वर्णनासाठी १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा. वसाहत कशी भरत गेली ते गूगल अर्थवरच्या जुन्या उपग्रह-छायाचित्रांत २००० नंतरच्या वर्षांसाठी दिसतं.

फोटोंच्या डब्याचं काम आजपासून करा. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने वर्ष, जागा आणि माणसांची नावं लिहा, आणि ती नावं सांगू शकणाऱ्या सगळ्यात वयस्कर सभासदाकडे या आठवड्यातच जा. फेरफारांच्या नकलांना वेळ लागतो, तो अर्जही लगेच टाका. मजकूर तयार झाला की छापण्याआधी दोन घरी वाचायला द्या: मळेवाल्या कुटुंबाकडे आणि मंडळाशी ज्यांचं कधीच पटलं नाही अशा एखाद्या जुन्या रहिवाशाकडे. त्यांनी खुणा केलेल्या जागा पुन्हा तपासा आणि मगच प्रेसमध्ये पाठवा.